हिंगणीच्या पुढचं गवत

नोकरीतली माझी बरीचशी वर्षं वर्धा, सेलू, हिंगणी या एकाच रस्त्यावर गेली. एसटीत वाहक होते. हिंगणी आलं की गाडी रिकामी व्हायची, ड्रायव्हर चहाला उतरायचा आणि माझ्यापुरतं जग तिथं संपायचं. पण काही प्रवासी हिंगणीत थांबायचे नाहीत. खव्याची रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून ते पलीकडच्या वाटेला लागायचे, गवतात शिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. कुठे जातात हे मी कधी पाहिलं नाही, कारण तोवर परतीची वेळ झालेली असायची.

निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता निवांत बसा. मला नेमकं बसताच येत नाही. वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात मी सकाळपासून स्वयंपाकघर ते फाटक, फाटक ते गच्ची अशा फेऱ्या मारते. आमचे हे शेजाऱ्यांना सांगतात, "हिच्या पायाची चाकं डेपोत जमा कराची राह्यली." शेजारी हसतात. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं.

त्या गवतात शिरणाऱ्यांपैकी गिरजाबाई माझ्या चांगल्या ओळखीची. जातीनं गवळीण, माझ्यापेक्षा थोडी मोठी. दाराजवळच्या सीटवर बसायची आणि खव्याची टोपली मांडीवरच ठेवायची. गर्दी कितीही असो, खाली पायाजवळ ठेवायची नाही. यावरून आम्ही पहिल्यांदा भांडलो आणि मग मैत्रिणी झालो. उतरताना दर खेपेला म्हणायची, "ये नं वं एकदा आमच्या घरी." मी दर खेपेला म्हणायचे, येते. यंदा दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला, वाऱ्याच्या आवाजात अर्धामुर्धा ऐकू येणारा. "आता तरी येजो. गवत पाहून घे. पुढच्या साली राहीन का नाई, सांगता येत नाई."

असं कोणी म्हटल्यावर घरी थांबणारी मी नव्हे.

फाट्यापासून पुढे

हिंगणीपर्यंत एसटीनं गेले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसून गेले. नवी वाहक मुलगी दार नीट न लावताच घंटी मारत होती. मी गप्प राहायचं ठरवलं होतं आणि सेलूपर्यंत राहिलेही. पुढे एका ऑटोनं बोर धरणाच्या बाजूनं फाट्यावर आणून सोडलं. तिथं गिरजाबाई साडीचा ओचा गुडघ्यापर्यंत खोचून उभी होती. मला पाहून म्हणाली, "हे कोणती साडी नेसून आली?"

मी पाहुणी म्हणून जरा बरी, नवी साडी नेसले होते. तो मूर्खपणा होता हे मला शंभर पावलांत कळलं. पावसाळ्यानंतर तिथलं गवत कंबरेएवढं वाढून वाळतं आणि त्याची कुसळं कपड्यात शिरतात. ती नुसती चिकटत नाहीत, चालताना आत आत सरकत जातात. वाडी येईपर्यंत माझ्या साडीचा खालचा काठ गवताचाच झाला होता.

पण नजर वर केली की तक्रार विसरायला व्हायचं. इतकी मोकळी जागा मी आपल्याच जिल्ह्यात पाहिली नव्हती. वाळलेलं पिवळं गवत डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेलं, मधे कुठे एखादा पळस, कुठे मोह. घर नाही, खांब नाही, कुंपण नाही. वारा आला की सगळं एकदम एका बाजूला कलायचं. मी आपलं सहज म्हणून गेले, "किती जागा रिकामी पडली आहे इथं." गिरजाबाई थांबली नाही, पण तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की काहीतरी चुकलं.

समोरून एक माणूस काठी खांद्यावर टाकून आला. "नाल्याकडून नका जाऊ," म्हणाला, "तो बसला आहे." गिरजाबाईनं मान हलवली आणि वाट बदलली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, तो म्हणजे कोण? "वाघ," ती म्हणाली. बोरचं जंगल लागूनच आहे हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. त्यानंतर माझा वेग तिच्यापेक्षा जास्त होता.

गवळ्यांची वाडी

या ग्रामपंचायतीचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांनीच नको म्हटलं. तिची रचना मात्र सांगायला हवी. एका टोकाला मोठं गाव. तिथं कचेरी, शाळा, किराणा, आणि कापूस-तुरीची शेती करणारी घरं. दुसऱ्या टोकाला गवळ्यांची वाडी. तिसरीकडे, डोंगराला टेकून, गोंड आदिवासींचा वरचा टोला. आणि या तिघांच्या मधे पसरलेलं हे गवत, म्हणजे सरकारी गायरान. एका वस्तीतून दुसरीत सकाळी निघालं की ऊन डोक्यावर येतं. एवढी मोठी ग्रामपंचायत, आणि माणसं आमच्या बोरगाव मेघेच्या दोन-तीन गल्ल्यांत मावतील एवढीच.

वाडीत माणसांपेक्षा गाई जास्त. पांढऱ्या, लांब तोंडाच्या, चपळ पायांच्या, गवळाऊ जातीच्या. दूध फार देत नाहीत, पण दिवसभर चालतात आणि जे मिळेल ते खातात. संध्याकाळी कळप परत आला तेव्हा गिरजाबाई अंगणात उभी राहून एकेकीला नावानं हाक मारत होती आणि हाक मारलेलीच गाय तिच्याकडे येत होती. हरणी नावाची एक पहिलटकरीण गाभण होती, दिवस भरत आलेली. ती हाकेला आली नाही. गोठ्याच्या दारात अडून उभी राहिली, वर आकाशाकडे पाहत. "हे अशीच आहे," गिरजाबाई म्हणाली, "हिले एका जागी गमत नाई." आणि माझ्याकडे पाहून हसली. मी समजायचं ते समजले.

जेवायला चुलीवरच्या भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि भाकरीवर मावेल तेवढं लोणी. चहा नुसत्या दुधाचा. मी थोडं पाणी घाला म्हटलं तर गिरजाबाईच्या सुनेला ती गंमत वाटली. "चहात पाणी टाकलं तं मंग गवळ्याच्या घरी येऊन काय फायदा, मावशी?"

जेवणानंतर मी तिथली जी रीत पाहिली ती मला फार आवडली. वाडीतल्या बायका ओसरीवर जमल्या आणि एकमेकींच्या साड्यांतली कुसळं वेचू लागल्या. स्वतःच्या साडीतली नाही, समोरचीच्या. वेचता वेचता दिवसभराचं सगळं बोलणं होतं. आमच्याकडे त्याच वेळी प्रत्येक घरात टीव्ही लागलेला असतो आणि शेजारीण आजारी असली तरी आठवड्यानं कळतं. माझी साडी दोघींनी वाटून घेतली. तेव्हाच मला फोनवरच्या त्या बोलण्याचा अर्थ कळला.

गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प आणायचं चाललं होतं. एका कंपनीची माणसं येऊन जागा पाहून गेली होती. सगळ्या गवताला तारेचं कुंपण पडणार आणि आत उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या लागणार. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता आणि सभा परवाच होती.

"ते साहेब म्हणे, जागा रिकामीच आहे," गिरजाबाई माझ्या पदरातलं कुसळ ओढत म्हणाली. "तू म्हणली नं सकाळी, तसंच."

मला उठून कुठेतरी चालायला जावंसं वाटलं. पण साडी दोघींच्या हातात होती.

वरचा टोला आणि मोठं गाव

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई सभेची आठवण करून द्यायला वरच्या टोल्याकडे निघाली आणि मी तिच्याबरोबर. टोल्याच्या आधी एक टेकाड लागतं. साऱ्या ग्रामपंचायतीत फोनला रेंज मिळते ती तिथंच. वर दगडावर एक तिशीतली बाई फोन कानाला लावून बसली होती. ती इथली सरपंच, सुनंदा, टोल्यातलीच. "जय सेवा, मावशी," म्हणून तिनं आम्हाला दगडावर जागा करून दिली आणि पुन्हा फोनवर बोलू लागली. आधी मराठीत, मग नात्यातल्या कोणाशी गोंडीत, मग एकदम कडक हिंदीत कुणा साहेबाशी.

फोन ठेवल्यावर तिनं मला सभेचं गणित समजावून दिलं. ग्रामसभेला ठरावीक मतदार हजर नसले तर सभा तहकूब होते. "आन् तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, तं तिले संख्या लागत नाई. जितके आले तितके. तितक्यात ठरते. मोठ्या गावचे लोक कचेरीच्या बाजूलेच राह्यते, ते तं येतेच. वाडीचे आन् टोल्याचे एवढ्या दुरून दोनदा येतीन का?"

"म्हणजे उद्याच सगळे आले पाहिजेत," मी म्हटलं.

"उद्याच. मी सरपंच आहे, मले कोणाच्या बाजूनं बोलता नाई येत. पण माह्यी आई मोह वेचाले त्याच गायरानातून जाते. कुंपण पडलं तं तिनं कुठून जावं?"

टोल्यातली घरं सारवलेली, अंगणं इतकी स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात कळेना. सुनंदाची आई माझं चालणं पाहून गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बायका हसल्या. सुनंदानं सांगितलं, "आई म्हणते, या बाईच्या मांगं कोणी लागलं आहे का?" सगळ्यांनी उद्या यायचं कबूल केलं आणि आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायला घातल्या.

परतताना मोठ्या गावातून आलो. उपसरपंच भाऊराव हे ठरावाच्या बाजूचे, हे मला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी भांडायच्या तयारीनंच त्यांच्या ओसरीवर बसले. माणूस निघाला मऊ बोलणारा. "बाई, तुमाले गवत चांगलं दिसते, आमालेही दिसते. पण ओलिताच्या टायमाले विजेची लाइन नसते. रात्री आली तं रात्री वावरात जा लागते, आन् तो कुठी बसला असन सांगता येत नाई. दिवसा लाइन भेटली तं कोणाले नको आहे?"  त्यांनी आणलेला चहाही वाडीच्याच दुधाचा होता. निघताना ते गिरजाबाईला म्हणाले, "उद्या येजा सगळे. तुमच्या मांगं ठराव केला असं नको व्हायला." मला त्यांचा राग करायचा होता, तो काही धड करता येईना.

सभेचा दिवस

सकाळी गिरजाबाईच्या सुनेनं माझ्यापुढे चहा ठेवला. तो काळा होता.

गवळ्याच्या घरी काळा चहा. आधी वाटलं, परवाच्या माझ्या पाण्याच्या बोलण्याचा राग आला असेल. मग पाहिलं, शेजारच्या ओसरीवरही काळाच चहा होता आणि धारेची भांडी न घासताच कडेला पडली होती. "काय झालं?" मी विचारलं.

"हरणी नाई आली काल," सून म्हणाली. "उजाडेपर्यंत वाट पाह्यली."

वाडीची रीत अशी, की एखादी गाय घरी आली नाही तर ती सापडेपर्यंत वाडीत कोणी दूध तोंडाला लावायचं नाही, आणि ज्याला चालता येतं त्यानं शोधायला निघायचं. गाय कोणाचीही असो. ही कोणी सांगायची गोष्ट नाही. पुरुष काठ्या घेऊन केव्हाच निघाले होते आणि बायका ओचे खोचत होत्या.

"आज सभा आहे," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही. मग मी माझा जुना आवाज काढला, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "अवं, सभा आहे आज. गायरान जाते आहे तुमचं. एका गाईसाठी साऱ्या गवतावर पाणी सोडता काय?"

सगळ्या थांबल्या. गिरजाबाई हातात दोर घेऊन अंगणात उभी होती. काल दिवसभर दारोदार फिरून सभेला या म्हणून सांगणारी तीच, आणि हरवलेली गाय तिचीच.  ती एवढंच म्हणाली, "तो नाल्यात आहे. हरणी जड आहे." आणि गवतात शिरली. तिच्यामागे सगळ्या गेल्या.

रिकाम्या वाडीत मी एकटीच राहिले. मग मीही निघाले, पण उलट दिशेला, कचेरीकडे. निदान सुनंदाला कळवावं, तिनं सभा जरा लांबवावी. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन मी मोठ्या गावात पोचले तेव्हा कचेरीपुढे सतरंजी अंथरलेली होती, मोठ्या गावातले लोक बसले होते, आणि टोल्यातले थोडेच. बाकीचे कुठे म्हणून विचारलं तर कळलं, वाटेत हाळ्या ऐकू आल्या आणि टोल्यातलेही गाय शोधायला वळले.

सुनंदानं शक्य तेवढा वेळ काढला. मागच्या सभेचा वृत्तान्त दोनदा वाचायला लावला. माइक बिघडला म्हणाली, तो बिघडला नव्हता. ग्रामसेवक पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जायचे, गवताकडे पाहायचे, परत यायचे. शेवटी थोडीच डोकी कमी पडली. थोडीच. मी मतदार असते तर, असा वेडा विचारसुद्धा मनात आला. ग्रामसेवकांनी सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या आठवड्यातला वार सांगितला. भाऊरावांना आनंद झाल्यासारखा दिसला नाही. "गवळ्याले गाय सुटत नाई," ते म्हणाले आणि सतरंजीची घडी करू लागले.

मी गवतातून एकटीच परत निघाले. चिडले होते, आणि खरं सांगायचं तर भ्यालेही होते, म्हणून मोठ्यानं बोलत चालले होते. कोणाकोणाला काय काय बोलायचं ते सगळं पाठ करत होते. नाल्याच्या वरच्या अंगाला माणसं दिसली. सगळी वाडी आणि अर्धा टोला तिथं उभा होता. करवंदीच्या जाळीत, तीन बाजूंनी काटे आणि मागे दरड अशा जागी, हरणी उभी होती. तिच्या पायाशी ओलं वासरू उठायचा प्रयत्न करत होतं. उठायचं, पडायचं, परत उठायचं. पाठ केलेलं सगळं विसरून मी ते पाहत राहिले.

गिरजाबाई दरडीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "सभा तहकूब झाली."

"माह्याच गाईनं मोडली," ती म्हणाली.

"अवं, पण दोघं-तिघं शोधाले गेले असते, बाकीचे सभेले आले असते. एवढं साधं कोणाले काऊन नाई सुचलं?"

ती वासराकडेच पाहत होती. मग म्हणाली, "कोणी जावं आन् कोणी थांबावं, हे कोणी ठरवाचं? ज्याची गाय त्यानं पाहावी, असं एकदा झालं, तं मंग..." आणि हातातला दोर गुंडाळू लागली. मी तिच्याशी वाद घालणार होते. आजही वाटतं, चूक त्यांचीच होती. 

संध्याकाळी वाडीत दुधाचा चहा झाला. त्या ओसरीवर मी माझी कुसळं दुसऱ्यांना वेचू दिली.

बोरगाव मेघे

घरी परतले तर घर जास्तच लहान वाटू लागलं. गच्चीवरून दिसतात त्या सगळ्या पाण्याच्या टाक्या आणि वायरी. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुह्यं काय अडलं त्यात? तुह्यं तं मतही नाई तठी." खरं होतं. मी फाटकापर्यंत गेले, आले, पुन्हा गेले. टेकाडावरून फोन येईल म्हणून फोन हातात धरून झोपले, आणि तो आला नाही. मी लावला तर लागत नव्हता.

साडी धुतली तरी एक कुसळ काठात राहिलं होतं. ते बोटाला टोचलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "जा बापा. नाईतं इथल्या फरश्या झिजवशीन."

पुन्हा

तहकूब सभेच्या दिवशी मी थेट कचेरीवरच गेले. या खेपेला जुनी साडी आणि पायात बूट. मोठ्या गावातले लोक येऊन बसले होते. कंपनीचा एक तरुण माणूस गाडी घेऊन आला होता, गाडी कचेरीच्या दाराशीच लावली होती. सुनंदा मला पाहून उठली. "तुमाले काही समजलं का वाडीचं?" मी म्हटलं, मी तर तुला विचारणार होते. तिची आई आणि टोल्यातले लोक आले होते, मागच्या वेळेपेक्षा जास्त. वाडीचं मात्र एकही माणूस नव्हतं.

मी रस्त्याच्या टोकाला गेले. गवत हलत होतं, त्यात कोणी दिसत नव्हतं. परत आले. मागं ग्रामसेवकांनी माइक सुरू केला. पुन्हा गेले. मनात एकच भीती, की आणखी एखादी गाय घरी आली नसेल. त्या लोकांना मी ओळखू लागले होते. एक वासरू जरी मागे राहिलं, तरी सगळी वाडी पुन्हा उलट दिशेला निघाली असती, आणि इथं सभा संख्येशिवाय होऊन गेली असती.

मग घंटा ऐकू आल्या.

आधी घंटा, मग धूळ, आणि मग गवतातून गाई. एक नाही, दहा नाही, सगळ्या. वाडीतला अख्खा कळप, गाभण गाई, कालवडी, खोंडं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी सगळी वाडी. म्हातारे, सुना, कडेवरची पोरं. ज्याला चालता येतं तो प्रत्येक जण आला होता. कळप सरळ कचेरीपुढच्या पटांगणात शिरला. लोक सतरंजी गोळा करून उठले. ग्रामसेवकांची मोटरसायकल पांढऱ्या पाठींत दिसेनाशी झाली. कंपनीच्या माणसाला गाडीतून काहीतरी काढायचं होतं, पण दाराला टेकून एक गाय रवंथ करत होती आणि ती काही हलेना.

"हे काय आहे?" ग्रामसेवकांनी माइकवरच विचारलं.

गिरजाबाई पुढे आली. दोराला हरणीचं वासरू होतं, मागे हरणी. "मांगच्या टायमाले एक मांगं राह्यलती," ती म्हणाली, "म्हणून सभा मोडली. आज कोणीच मांगं नाई राह्यलं. करा सुरू."

भाऊराव हसले. मला वाटतं त्यांना मनापासूनच हसू आलं. सुनंदा हसली नाही. तिनं फक्त सांगितलं की सभा पटांगणातच होईल, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं बसावं.

भाऊराव चांगलं बोलले. रात्रीच्या लाइनबद्दल, वावरातल्या भीतीबद्दल, बाहेर जाणाऱ्या पोरांबद्दल. ऐकताना मी दोनदा त्यांच्या बाजूची झाले. टोल्यातली एक बाई मोहाच्या वाटेबद्दल बोलली. वाडीतले एक म्हातारे उठले आणि म्हणाले की लाइन पाह्यजेच, पण पाट्या शाळेच्या छतावर लावा, कचेरीवर लावा, आमच्या घरावर लावा, गवतावर नका लावू. कंपनीच्या माणसानं, गाडीशी उभं राहून, नकाशावर ही जागा पडीक म्हणून दाखवली आहे असं सांगितलं. त्या वेळी त्याच्या बाहीला एक कालवड चाटत होती.

ठराव पडला, हे मी इथंच सांगून टाकते. वरच्या कचेरीत त्याचं पुढे काय होईल हे तेव्हाही कोणाला माहीत नव्हतं आणि आजही नाही. भाऊरावांच्या वावरात लाइन अजून रात्रीच येते. सुनंदा टेकाडावरून त्यासाठीही फोन करते. पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते निकाल कळायच्या आधीचं.

ठरावाच्या विरोधात कोण, हात वर करा, असं सुनंदानं सांगितलं तेव्हा मी कडेला उभी होते, नेहमीप्रमाणे या पायावरून त्या पायावर. गिरजाबाई माझ्याकडे आली. तिच्या एका हातात वासराचा दोर होता. दुसऱ्या हातानं ती हरणीला धरून होती, कारण एवढ्या माणसांत हरणी बिथरली होती.

"धर," ती म्हणाली आणि दोर माझ्या हातात दिला. "मले हात वर करा लागते."

मी दोर धरला. वासरानं ओढ घेतली, म्हणून मी खालीच बसले, धुळीत, आणि त्याला कवेत धरलं. वर पाहिलं तर पटांगणभर हात होते आणि हातांच्या मधे गाईंच्या पाठी. ग्रामसेवकांचं मोजणं चुकलं. एक गाय आडवी आली होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, वासराची लाळ माझ्या पदरावर गळत होती आणि कोणाचाच हात खाली येत नव्हता. मी जरा पाय सोडायला गेले.

"हलू नको," गिरजाबाई वरूनच म्हणाली. "मोजून राह्यले."

मी हलले नाही.